साडेपाच सुती

आण्णा गेल्यावर वाटणी करण्यासारखं फारसं काही निघालं नाही. धाकट्याने घड्याळ घेतलं, बहिणीने रेडिओ नेला आणि हत्यारांची पेटी माझ्याकडे आली. म्हणजे ती दुसऱ्या कुणाला नको होती. 'हत्यारं' हा आण्णांचा शब्द. शेतातलं ते अवजार आणि वर्कशॉपमधलं ते हत्यार, असा त्यांचा सरळ हिशेब. लहानपणी खंडेनवमीला ही पेटी पाटावर यायची, पकडीला आणि हातोडीला हळदकुंकू लागायचं. मला वाटायचं, हत्यार म्हणजे खरं तर तलवार. आपल्याकडे तलवार नाही म्हणून पकडीवर भागवतात. त्या शब्दात तलवारीइतकाच धोका आहे हे कळायला पन्नाशी उलटावी लागली.

पेटी पत्र्याची, कधीकाळी हिरवी. आण्णा साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं फिटर होते. झाकण उघडलं की ग्रीस, रॉकेल आणि तंबाखूचा चुना असा एकत्र वास येतो, तो अजून गेलेला नाही. आत डबल पाने, रिंग पाने, पाईप पाना, दोन पकडी, छिन्न्या, तीन कानशी आणि एक लाकडी मुठीचा स्क्रू ड्रायव्हर. मागून ठोकून ठोकून त्याची मूठ उमलल्यासारखी झालेली. कोपऱ्यात एक काडेपेटी होती आणि तिच्यात नखाएवढी, घडी घातलेली पितळी पट्टी. कशाची ते कळेना. पहिल्याच साफसफाईत ती मी भंगारात टाकली. हे आत्ताच सांगून ठेवतो.

पाने सगळे इंचातले. कारखान्यातली जुनी यंत्रं विलायती, त्यांचे नटबोल्ट इंचाचे, म्हणून फिटरची हत्यारंही इंचाची. आण्णा माप सुतात सांगायचे. इंचाचे आठ सूत, तेव्हा अर्ध्या इंची पाना चार सुती, नऊ-सोळांशाचा साडेचार सुती आणि अकरा-सोळांशाचा साडेपाच सुती. मला ही भाषा ऐकून ऐकून पाठ होती. एखाद्याला रामरक्षा पाठ असते तशी, अर्थाची फारशी चौकशी न करता.

गाडी आमची मारुती ८००, १९९८ची. घेतली तेव्हा पांढरी होती, आता दुधावरच्या सायीसारखी दिसते. पंधरा वर्षं झाल्यावर २०१३ला तिचं पुन्हा पासिंग केलं, मग २०१८ला, मग २०२३ला. आरटीओतला माणूस आता गाडीकडे बघण्याआधी माझ्याकडे बघतो. ती विकत नाही कारण ती आण्णांनी घेतलेली आहे, आणि खरं सांगायचं तर तिचं झाकण उघडल्यावर मला आतलं काहीतरी कळतं. नव्या गाडीचं बॉनेट उघडलं तर वर एक मोठं काळं प्लॅस्टिकचं झाकण असतं आणि त्याखाली काय आहे ते विचारू नये असा त्याचा एकंदर भाव असतो. हिच्यात तसं नाही. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, कार्ब्युरेटर समोर. बँकेत तीस वर्षं दुसऱ्यांच्या आकड्यांवर टिका मारल्या. स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर वाटलं, स्वतःच्या हाताने काहीतरी सोडवावं आणि पुन्हा आवळावं. पैसे वाचवायला हे करतोय असं मी घरी सांगितलं होतं. बायकोने एका वहीत खर्च लिहायला सुरुवात केल्यावर ते कारण मी मागे घेतलं.

पहिलं काम ऑइल बदलण्याचं. ह्यापेक्षा सोपं काम गाडीत नाही, असं सगळे म्हणतात. इंजिन थोडं गरम करायचं, इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरच्या तळाचा बोल्ट काढायचा, काळं तेल परातीत पडू द्यायचं, बोल्ट लावायचा, वरून नवीन तेल ओतायचं. पुढची चाकं दोन ओंडक्यांवर चढवून मी खाली शिरलो. बोल्ट सतरा नंबरचा, म्हणजे सतरा मिलिमीटरचा. पेटीतला साडेपाच सुती लावून बघितला तर बसला. थोडा हलत होता, पण बसला. आता इथे आकडेमोड करायला हवी होती आणि बँकेतल्या माणसाने ती केली नाही. अकरा-सोळांश इंच म्हणजे १७.४६ मिलिमीटर. म्हणजे पाना जवळजवळ अर्धा मिलिमीटर सैल. कागदावर अर्धा मिलिमीटर म्हणजे काहीच नाही, पेन्सिलीची रेघ. पण सहा कडांच्या बोल्टला पाना सैल झाला की तो सपाट बाजूंना धरत नाही, फक्त कोपऱ्यांना धरतो. सगळा जोर त्या कोपऱ्यांवर येतो आणि कोपरे सोलले जातात.

मी रेटला. पाना घसरला. माझी चार बोटं समोरच्या लोखंडी पट्टीवर आदळली आणि मी जे बोललो ते वरच्या मजल्यावर आईला ऐकू गेलं. तिने खिडकीतून फक्त एवढंच विचारलं, "लागलं का रे?" ओलं फडकं गुंडाळून मी पुन्हा खाली गेलो. दुसऱ्यांदा घसरला. तिसऱ्यांदा घसरला तेव्हा बोल्टाला कोपरे उरलेच नव्हते. सतरा नंबरचा बोल्ट आता गोल झाला होता. मग पक्कड झाली, पाईप पाना झाला, शेवटी छिन्नी लावून हातोडीने कडेला ठोकत ठोकत तो फिरवला. पहिलं तेल परातीत, पुढचं माझ्या बाहीत.

इथे थांबलो असतो तर ही गोष्ट बोटांच्या सालपटांवर संपली असती. दुसऱ्या दिवशी नवीन बोल्ट आणला, ह्या वेळी खरा सतराचा पानाही आणला. आणि मनात धास्ती, की आता हा गळायला नको. म्हणून पान्याच्या मागे दोन फुटी पाईप घातला आणि पायाने रेटलं. अशा बोल्टला साधारण ३५ न्यूटन-मीटर पुरतात. म्हणजे फूटभर लांबीच्या पान्याच्या टोकाला बाराएक किलोचा भार. पिठाच्या गिरणीतून दळण आणताना एका हातात असतो तेवढा. मी त्याच्या तिप्पट-चौपट तरी लावला असेल. बोल्ट घट्ट होत गेला, अजून घट्ट झाला, आणि मग एकदम मऊ झाला. दुखरा दात हलावा तसा. हाताला ते आधी कळलं, डोक्यात नंतर आलं. चेंबरमधले आटे गेले होते.

कोल्हापूरचं उद्यमनगर आमच्या घरापासून स्कूटरवर दहा मिनिटं. शेतीची ऑइल इंजिनं बनवून नावारूपाला आलेला हा भाग. एका गल्लीत लेथ, दुसऱ्या गल्लीत ओतकाम, तिसऱ्या गल्लीत नुसतं घासणं आणि घोटणं. तिथले एक मेस्त्री आण्णांच्या ओळखीचे. मागे बसून आले, गाडीखाली गेले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. डॉक्टर बोलले नाहीत तर जी भीती वाटते तीच वाटली.

"आटं घालवलासा की."

"थोडं जास्त झालं बहुतेक."

"थोडं?" ते सरकत बाहेर आले. गोल झालेला जुना बोल्ट मी ओट्यावर ठेवला होता, तो त्यांनी उचलून उजेडात धरला. "आणि ह्येला काय लावला हुतासा?"

मी साडेपाच सुती दाखवला. त्यांनी पाना हातात घेतला, तोंडावरून अंगठा फिरवला. "आण्णांचा न्हवं ह्यो? आण्णा ह्येच्यात पट्टी घालत हुते. पितळंची. इंचाचा पाना मिलिमीटरच्या नटाला लावायचा तर मदी पट्टी घालायची, मग डुलत न्हाई. पेटीत असंल बघा. काडेपेटीत ठेवायचे."

मी म्हणालो, बघतो.

चेंबरला त्यांनी मोठ्या मापाचा टॅप मारून नवे आटे पाडले, त्या मापाचा बोल्ट आणि तांब्याचा वायसर घातला. मजुरी सांगताना माझ्याकडे न बघता सांगितली, हे त्यांचं मोठेपण. जाताना एक गोष्ट मात्र बोलले. "जोर लावायच्या आदी पाना बघू नका सायेब. हात बघा. पाना सुटला तर हात कुटं जाईल ते बघायचं आणि मग जोर लावायचा." पाना शक्यतो आपल्याकडे ओढायचा, पुढे ढकलायचा नाही, ढकलायचाच असेल तर मूठ न वळता उघड्या तळव्याने. त्यांनी ओट्यावर बसून हे करून दाखवलं, चहाचा कप बाजूला ठेवून.

बॅटरीच्या वेळी मी हातच बघत होतो. हात कुठे जाईल ते बघितलं होतं. हातात काय आहे ते बघितलं नव्हतं.

बॅटरीचे दोन खांब. त्यातला ऋण खांब गाडीच्या बॉडीला जोडलेला, म्हणजे गाडीचा सगळा पत्रा हा एका अर्थी बॅटरीचा ऋण खांबच. म्हणून काढताना आधी ऋण काढायचा आणि लावताना तो शेवटी लावायचा. ऋण सोडवताना पाना पत्र्याला लागला तरी काही होत नाही, दोन्ही एकच. ऋण जोडलेला असताना धन सोडवायला गेलात आणि पान्याचं शेपूट पत्र्याला टेकलं, तर बॅटरीच्या दोन टोकांमध्ये लोखंडाची दांडी टाकल्यासारखं होतं. बारा व्होल्टने माणसाला शॉक बसत नाही, तेवढ्यावरून मी बॅटरीला गरीब समजत होतो. शॉक बसत नाही हे खरं, पण तिच्यातून एका क्षणात शेकडो अँपिअर वाहू शकतात आणि ते माणसातून न जाता धातूतून जातात. आणि माझ्या उजव्या हातात, करंगळीशेजारच्या बोटात, साखरपुड्याची अंगठी होती.

दहा नंबरचा पाना धन खांबाच्या नटावर. मूठ व्यवस्थित, ओढतोय आपल्याकडे, मेस्त्रींनी शिकवल्याप्रमाणे. नट सैल झाला, पाना वळला, आणि अंगठी एका बाजूने पान्याला आणि दुसऱ्या बाजूने बॅटरी बांधणाऱ्या, बॉडीला लागलेल्या लोखंडी पट्टीला टेकली. तडाक आवाज, निळा-पांढरा प्रकाश, जळका वास. मी हात मागे ओढला तोवर सगळं संपलं होतं. अर्धा सेकंदही नसेल. बोटाला काहीच वाटलं नाही. मग वाटलं.

बायको धावत आली. तिने आधी हात नळाखाली धरला आणि मग भांड्यांच्या साबणाचा फेस करून, मी ओरडत असताना, अंगठी काढली. "सुजलं तर कापून काढायला लागेल," एवढंच म्हणाली. बोटाभोवती पांढरं वळं उठलं होतं, अंगठीच्या रुंदीचं, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना लाल. अंगठीवर एक खड्डा. ज्वारीच्या दाण्याएवढा, कडा वितळून गोल झालेला. आठवड्याने आम्ही ती घेऊन गुजरीत गेलो. सराफाने भिंग लावलं, अंगठी फिरवली, भिंग काढलं.

"हे भाजलंय कशाने?"

"गाडीच्या बॅटरीने."

शुद्ध सोनं वितळायला १०६४ अंश सेल्सिअस लागतात, हे त्याने आम्हाला सांगितलं. बावीस कॅरेटचं थोडं आधी वितळतं. त्याच्या गल्ल्यावर बसून, ब्लोअर लावून तो रोज हेच काम करतो. त्याला ह्या नवीन पद्धतीत फार रस वाटला. बायकोला वाटला नाही. खड्डा बुजवायचा का, असं त्याने विचारलं तेव्हा ती म्हणाली, "नको. राहू दे. दिसत राहू दे." ती अंगठी मी आता कामाला बसण्याआधी काढतो आणि गडबड अशी की काढून कुठे ठेवली ते विसरतो. पण तो वेगळा विषय.

बारीकसारीक तर किती. दहा नंबरचा सॉकेट इंजिनात पडून हरवला, मग दुसरा आणला, तोही हरवला. एवढ्याशा इंजिनखान्यात दोन सॉकेट नक्की कुठे राहतात हे मला आजवर कळलेलं नाही. संपूर्ण सेट विकत घेतला त्यातला तेराचा पाना कोरा आहे, कारण ही गाडी जपानी घराण्यातली आणि जपानी मापात आठ मिलिमीटरच्या बोल्टाचं डोकं बाराचं असतं. तेराचं युरोपीय गाड्यांना. कार्ब्युरेटरवरचे फुलीचे स्क्रू मी साध्या फिलिप्स ड्रायव्हरने सोडवायला गेलो आणि दोन स्क्रूंची डोकी खाल्ली. नंतर कळलं, ती फुलीही जपानी मापाची. दिसायला अगदी तशीच, पण फिलिप्सचं टोक तिच्यात तळाला टेकत नाही, जोर दिला की वर चढून बाहेर येतं. एक स्क्रू ड्रायव्हर तर फुलीचा आणि त्यातही जातीभेद! स्पार्क प्लगच्या बाबतीत मात्र माझ्या हातून अजून काही बिघडलेलं नाही, कारण तिथे मेस्त्रींनी आधीच सावध केलं होतं. हेड ॲल्युमिनियमचं, प्लग पोलादाचा. तिरका बसला तर पोलाद ॲल्युमिनियममध्ये स्वतःचा नवा रस्ता पाडतं. म्हणून प्लगच्या शेंडीला जुन्या पेट्रोल पाईपचा वीतभर तुकडा लावायचा आणि त्या रबराने फिरवायचा. सरळ असेल तर सुरसुर आत जातो. तिरका असेल तर रबरच प्लगवर घसरतं, आटे वाचतात. पान्याला जे कळत नाही ते रबराला कळतं.

जॅकची गोष्ट मी घरी कधी रंगवून सांगत नाही. आमचा मंगळवार पेठेतला बोळ किंचित उताराचा आहे, पाणी सांडलं तरच कळतं इतका. मागचं चाक काढायचं होतं. हँडब्रेक ओढला, जॅक लावला, चाक उचललं, नट काढले, चाक काढून भिंतीला लावलं. हँडब्रेक ह्या गाडीत फक्त मागच्या दोन चाकांना लागतो. त्यातलं एक मी हवेत उचललं होतं, म्हणजे साडेसहाशे किलोच्या आसपासची गाडी उतारावर एका चाकाच्या भरवशावर उभी. ती हलली ते मला आधी जॅकवरून दिसलं. जॅक सावकाश एका अंगाला कलला, म्हातारा माणूस भिंतीचा आधार सोडून बसावा तसा, आणि गाडी ब्रेकच्या ड्रमवर टेकली. आवाजही फार मोठा झाला नाही. माझा मुलगा तेव्हा बारा वर्षांचा होता आणि ड्रमच्या आत वाकून बघत, "बाबा, हे लालसर काय आहे?" असं विचारून मिनिटभरापूर्वी पाणी प्यायला आत गेला होता. तो परत आला तेव्हा मी ओट्यावर बसलो होतो. काय झालं म्हणाला. मी म्हणालो, आज राहू दे. त्यानंतर पुढच्या चाकांना दोन्हीकडून विटा लावल्याशिवाय आणि काढलेलं चाक गाडीखाली आडवं सरकवल्याशिवाय मी एकही नट काढलेला नाही.

आण्णांच्या डाव्या अंगठ्याचं नख उभं दुभंगलेलं होतं. दोन भाग वेगवेगळे वाढायचे, मध्ये एक काळी रेघ. आम्हा तिघांनाही वाटायचं की ते जन्मापासून तसं आहे. तर्जनीचं पेरही थोडं चपटं होतं. ते कधी, कशाने, कुठल्या पाळीत झालं हे त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. आता वाटतं, विचारायला हवं होतं. निदान मी तरी, कारण माझ्या बोटावर आता एक पांढरं वळं आहे आणि ते कसं आलं हे मी समोर येईल त्याला सांगत असतो.

चेंबरच्या बोल्टातून अजून थोडं झिरपतं. रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकतो, सकाळी बघतो. रुपयाएवढा ठिपका असला तर चालतं, पाच रुपयांच्या नाण्याएवढा झाला की मेस्त्रींना फोन.

गेल्या खंडेनवमीला पेटी पाटावर मांडली. आई आता खाली बसू शकत नाही, खुर्चीवर बसून ती नावं घेते आणि बायको कुंकू लावते. साडेपाच सुती मी मुद्दाम मागे ठेवला होता. आईने काठीच्या टोकाने दाखवून तो पुढे घ्यायला लावला. मग मी तिला पितळी पट्टीचं विचारलं. काडेपेटीतली, एवढीशी.

"ती होय," आई म्हणाली. "ती माझ्या ताटलीची. गाडी घेतली त्याच वर्षी. मी गावाला गेले होते तेव्हा पूजेच्या ताटलीची कड कातरली ह्यांनी. चार दिवस बोलले नव्हते मी त्यांच्याशी."

बायकोच्या हातात हळदकुंकवाची पितळी ताटली होती. वर्षानुवर्षं तीच. कड एका ठिकाणी सरळ कापलेली, कानशीने घासून गुळगुळीत केलेली. मी ती इतक्या वेळा बघितली होती की घडवतानाच तशी केली असेल असं धरून चाललो होतो. अंगठ्याने कडेची जाडी चाचपून बघितली. अर्धा मिलिमीटर असेल. उरलेल्या कडेतून तेवढी एक पट्टी सहज निघाली असती.

आईने हात पुढे केला आणि ताटली मागून घेतली.